विषय नव्हे, प्रश्न घेऊन जा

गावातून कॉलेजात गेलेली मुले सुटीत घरी येतात आणि मास्तरांना विचारतात, "लिंगभावावर निबंध लिहायचा आहे. पुस्तके कोणती पाहू?" लिंगभाव म्हणजे बाईने कसे वागावे, पुरुषाने कसे वागावे, याविषयी समाजाने घालून दिलेले दंडक. विषय अफाट आहे. म्हणून ग्रंथालयात जाताना विषय नेऊ नये, प्रश्न न्यावा.

'समाजातील स्त्रीचे स्थान' हा झाला विषय. 'एकोणिसाव्या शतकात मराठी बाईने पुरुषांना जाब विचारला होता काय?' हा झाला प्रश्न. त्याचा माग काढून पाहू.

प्रथम मराठी विश्वकोश उघडावा. तेथून नावे मिळतात. निबंध मात्र तेथूनच उतरवून काढू नये. ताराबाई शिंदे हे नाव हाती लागले, की त्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे मूळ पुस्तक मागावे. बुलढाण्याच्या या बाईंनी ते १८८२ साली छापविले. १८८१ साली सुरतेकडे एका विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीका सुरू झाली. त्या टीकेला हे उत्तर होते. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. म्हणजे एका पुस्तकाने वर्तमानपत्र, खटला आणि फुले अशा तीन वाटा दाखविल्या.

पण पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा कुठे सर्वांच्या हाती आले. यादीत नाव नाही म्हणजे बायकांनी लिहिलेच नाही, असा निष्कर्ष म्हणूनच काढू नये.

नावांचीही अडचण असते. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव. माहेरच्या त्या बाळूताई खरे, सासरच्या मालतीबाई बेडेकर. एकाच नावाने शोधाल तर अर्धी माहिती हुकेल. अशा वेळी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची चाळावी आणि ग्रंथपालांना निःसंकोच विचारावे.

शेवटी, प्रत्येक टिपणावर लेखक, पुस्तक, साल आणि पान लिहावे. लेखकाचे शब्द कोणते नि आपले मत कोणते, हेही वेगळे ठेवावे.

शिक्षकबंधुभगिनींनो, मुलांना पुस्तकांची आयती यादी देऊ नका. आधी विचारा, "बाळ, तुझा प्रश्न काय?" तो एका वाक्यात सांगता आला, की खुशाल ग्रंथालयाची वाट दाखवा.