शेजारी अपार्टमेंट येतंय, मग आपण बोलायचं कधी?

आजचा विषय आपल्या गल्लीतला आहे. रिकाम्या प्लॉटवर पत्रे लागतात, जेसीबी येतो आणि मग शेजारपाजारचे विचारतात, "अहो, इथं किती मजले होणार? आम्हाला कोणी विचारलंच नाही!"

खरंय, विचारलं नाही. कारण कायद्यानं विचारावंच लागत नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांत मोठ्या इमारतीचा प्रस्ताव आला की जाहीर सुनावणी होते, शेजारी माईकवर येऊन बोलतात. आपल्याकडे बिल्डर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 44 खाली नगर परिषदेकडे अर्ज करतो. जागेची मालकी, झोन, रस्त्याची रुंदी, सोडायची मोकळी जागा, पार्किंग हे सगळं नियमात बसलं की परवानगी मिळते. शेजाऱ्यांची सुनावणी घ्या, असं त्यात नाही.

मग आपला आवाज संपला का? नाही. फक्त त्याची वेळ आधीची आहे.

2020 च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही ठरावीक भाग सोडून बहुतेक राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. आपण तिला यूडीसीपीआर म्हणतो. त्यात समोरचा रस्ता किती रुंद, यावर किती बांधकाम करता येईल हे बरंचसं ठरतं. आता हा रस्ता, शाळेचं आरक्षण, बगीचा, हिरवा पट्टा हे कुठं ठरतं? शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत! मजल्यांचा खेळ तिथंच सुरू होतो.

आणि तिथं मात्र आपल्याला विचारावंच लागतं. प्रारूप आराखडा जाहीर झाला की कलम 26 प्रमाणे 30 दिवसांत कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं. पुढे नियोजन समितीसमोर सुनावणी होते. मधेच एखाद्या जागेचं आरक्षण किंवा झोन बदलायचा असेल तर कलम 37 खाली नोटीस निघते, तेव्हाही एक महिना मिळतो. ही नोटीस पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. आपण रील बघत असतो आणि महिना निघून जातो.

खामगावात हे का महत्त्वाचं? हे कापसाचं आणि चांदीचं गाव. कापसासाठी 1870 मध्ये जलंबहून इथं रेल्वे आली. त्या काळच्या बाजारपेठेच्या अरुंद गल्ल्या आजही आहेत. त्यात पाण्याचा हिशेब करा. समजा 24 फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज 135 लिटर धरतात. म्हणजे एका इमारतीला रोज जवळपास 13 हजार लिटर! नळाची वाट बघणं आपल्याला काही नवीन नाही. मग हे पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कोणत्या नालीत जाणार?

मी अपार्टमेंटच्या विरोधात नाही बरं का. खेड्यातून मुलांच्या शिक्षणासाठी आलेल्या कुटुंबाला बंगला परवडत नाही, त्याला फ्लॅटच लागतो. पण घेणाऱ्यालाही धोका असतोच. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये परवानगी पाच मजल्यांची आणि एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं वरचे बेकायदा मजले पाडायला सांगितलं. त्रास कोणाला झाला? राहणाऱ्यांना.

म्हणून तीन कामं करा. एक, शेजारी काम सुरू झालं तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाकून मंजूर नकाशा मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकाशाबाहेरचं बांधकाम दिसलं तर लेखी तक्रार करा, तोंडी नको. दोन, फ्लॅट घेताना जागा 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा नंबर बघा. ताबा घेण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र मागा. तीन, नगर परिषदेत जाऊन आपल्या वॉर्डाचा डीपी एकदा डोळ्यांनी बघा. तुमच्या घरासमोरचा रस्ता त्यावर किती रुंद दाखवलाय?

तेवढं या आठवड्यात करा आणि घरच्यांनाही दाखवा. जेसीबी आल्यावर फक्त आवाज होतो, हरकत द्यायची ती नकाशा कागदावर असताना. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!