घरच्या घरी वानप्रस्थ



शास्त्राने आयुष्याचे चार आश्रम सांगितले. त्यांपैकी पहिल्या दोहोंची तयारी घरोघर होते. मुंज थाटात लागते, लग्न त्याहूनही थाटात. तिसऱ्या आश्रमाची तिथी मात्र कोणी पाहत नाही. मनुस्मृतीने त्याची खूण अगदी साधी दिली आहे: अंगावर सुरकुती, डोक्यावर पांढरा केस आणि घरात नातवंड. या तिन्ही खुणा या सभेतील अनेकांना लाभल्या आहेत. अरण्य तेवढे उरलेले नाही. संकेश्वराबाहेर पडून अरण्य शोधीत जावे, तर एकीकडे ऊस आणि दुसरीकडे पुणे-बेंगळूर हमरस्ता! तेव्हा वानप्रस्थ व्हावयाचा तो घरातच. आणि तोच अधिक अवघड. वनात जाणाऱ्याच्या हातून तिजोरीची किल्ली आपोआप सुटते. घरात राहणाऱ्याने ती स्वतः काढून सुनेच्या हाती द्यावी लागते.

या बाबतीत आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र मननीय आहे. त्यांची सर्वच मते प्रत्येक श्रोत्यास पटतील असे नाही. येथे प्रयोजन आहे ते त्यांच्या उत्तर आयुष्यातील दिनक्रमाशी. १९३८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, अतिश्रमाने त्यांची प्रकृती इतकी ढासळली की वजन ८८ पौंडांवर आले. हवापालटासाठी कोठे तरी जाणे भागच होते. थंड हवेचे ठिकाण न निवडता ते वर्ध्याजवळच्या पवनारास गेले. वाटेत धाम नदीचा पूल ओलांडताना, 'मी सर्व टाकले' या अर्थाचे संन्यासविधीतील वाक्य त्यांनी तीनदा उच्चारले, आणि संस्थांची सारी चिंता पुलापलीकडे ठेवली. मग शेतात खणावयास आरंभ केला. प्रथम अवघी काही मिनिटे, नंतर दररोज थोडी अधिक. काही महिन्यांत वजन भरून आले. येथील क्रम ध्यानी घ्यावा. आधी मनावरचे ओझे उतरले, मग शरीर हालू लागले. पुष्कळजण याच्या उलट करतात. पहाटे दोन मैल चालून येतात. परंतु दुकानाचा हिशेब डोक्यात घेऊन जातात आणि तोच घेऊन परततात. असे चालणे पायांचे होते, माणसाचे होत नाही.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबांना पहिले भूदान मिळाले. तेव्हा त्यांचे वय ५५ वर्षांचे होते. त्या काळी सरकारी नोकर याच वयात निवृत्त होऊन आरामखुर्ची घेत. विनोबांनी त्या वयात वाट धरली आणि सुमारे तेरा वर्षे ती सोडली नाही. १९५७-५८ मध्ये ते कर्नाटकातून महाराष्ट्रात पायीच आले. पोटात व्रण, आहार बहुतेक दह्यादुधाचा, सामान अगदी थोडे. पहाटे अंधारात निघावयाचे, दहाबारा मैलांवर मुक्काम करावयाचा, सायंकाळी प्रार्थना. एवढे सामान, एवढा आहार आणि एवढी वाट यांचा मेळ सहज बसतो. ज्यास रोज उठून चालावयाचे आहे, त्यास गाठोडे मोठे ठेवताच येत नाही.

प्रार्थनेचे बीज त्यांना मातेकडून मिळाले. रुक्मिणीबाईंना कन्नड भजने येत असत, हे सीमाभागातील भक्तांस विशेष गोड वाटेल. त्यांनी देवाला लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता, व त्या एकेक दाणा मोजून वाहत. एक तोळ्यात किती दाणे बसतात ते पाहून वजनाने हिशेब करावा, असे पतीने सुचविले. परंतु दाणा मोजताना चित्त देवापाशी राहते, वजन करताना ते राहत नाही, हे त्या माउलीने जाणले होते. आज पावले मोजणारी घड्याळे हाताला असतात, आणि सायंकाळी आकडा कमी भरला म्हणून माणूस खिन्न होतो. हे तोळ्याचे गणित झाले. पावलागणिक नाम घेतले, तर पावले मोजली काय आणि न मोजली काय!

वैद्यकाचेही म्हणणे फार कठोर नाही. ६५ वर्षांवरील व्यक्तीने आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायामही करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसास पंचवीस मिनिटेही पडत नाहीत. हिरण्यकेशीच्या काठाने जाऊन श्रीशंकरलिंगाचे दर्शन घेऊन परतणाऱ्यास ती अवघड नाहीत. पावसाळ्यात संन्यासीही चातुर्मासात एका जागी राहतात. त्या दिवसांत प्रदक्षिणा घालाव्यात, मात्र ओल्या फरशीवर जपून. छातीत कळ येत असेल, भोवळ येत असेल, तर प्रथम वैद्यास विचारावे. त्यात भक्ती उणी पडत नाही.

साधेपणाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आजोबांनी एकभुक्त राहावयाचे ठरविले, की स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी वेगळी भाजी, वेगळे तूप, उपासाचा वेगळा पदार्थ सुरू होतो. आजोबांचे व्रत आणि सुनेचा घाम! आजीने साधेपणा स्वीकारला तर ती मुकाट्याने एक लुगडे कमी करते, तिचे कोणी कौतुकही करीत नाही. साधेपणा खरा की दिखाऊ, हे घरातील कामाचा भार वाढला की घटला यावरून ओळखावे. स्वतःचे ताट स्वतः घासणे, अंथरूण स्वतः काढणे, न मागता सल्ला न देणे. यांतील तिसरे सर्वांत कठीण आहे.

पुढे १९७० साली, पंचाहत्तरी गाठल्यावर, विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला. देशभर चाललेले पाय पवनारच्या आश्रमाच्या आवारात स्थिरावले. १९८२ साली देहावसान होईपर्यंत त्यांचे वास्तव्य तेथेच होते. तेथे ते अंगणातील काटक्या आणि पाने वेचीत असत; एकेक, नामासह, जशी माता दाणे वेचीत होती तशी.