वादळाचा आकडा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



वायुभार हा विषय या व्यासपीठावर कशासाठी, अशी शंका काही चेहऱ्यांवर आम्हांस दिसत आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांची मूळ घरे अलिबाग ते श्रीवर्धन या पट्टीत आहेत, आणि ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ तेथेच किनाऱ्यावर आले. त्या दिवशी आमच्या काकांच्या हातून काय घडले, हे सांगूनच विषयास हात घालतो.

गावच्या घरी ओटीवर आजोबांच्या वेळचा पितळी वायुभारमापक टांगलेला आहे. त्याच्या तबकडीवर इंचांचे आकडे असून २८ पाशी 'स्टॉर्मी', २९ पाशी 'रेन', साडेएकोणतीसपाशी 'चेंज' आणि ३० पाशी 'फेअर' अशी अक्षरे कोरलेली आहेत. बातम्यांत दाब सांगितला जात होता तो हेक्टोपास्कलमध्ये. हजाराच्या आतबाहेरचे ते आकडे काकांस परके. त्यांनी काटा पाहिला, तो सव्वाएकोणतीसवर होता. "पाऊस वाढेल, वादळास अजून अवकाश आहे," असे म्हणून ते कौलारू घरातच बसून राहिले. तासाभरात पडवीचे छप्पर गेले. माणसे वाचली, एवढेच समाधान.

काटा मात्र खोटे बोलला नव्हता. फसविले ते त्याच्या शेजारच्या शब्दांनी. हे शब्द विलायतेच्या हवेसाठी लिहिलेले! तिकडे दाब एकाच हिवाळ्यात कितीतरी वरखाली होतो. आपल्याकडे तो मोठा शिस्तीचा. सकाळी दहा व रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे चार व दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि या चढउतारात फरक पडतो तो जेमतेम तीनचार हेक्टोपास्कलांचा. जूनमध्ये कोकणात दाब साधारण १००५ च्या आसपास, म्हणजे पावणेतीस इंचांच्या किंचित खाली असतो. काकांचा सव्वाएकोणतीस म्हणजे सुमारे ९९०. पंधरा हेक्टोपास्कलांची ही घट आपल्या किनाऱ्यावर दिसली, की वादळ दाराशी आले असेच समजावे.

आता हे इंच आले कोठून? १६४३-४४ च्या सुमारास इटलीत टॉरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी धरली, तेव्हा हवेच्या भाराने पारा सुमारे ७६ सेंटिमीटर, म्हणजे तीस इंचांस थोडा कमी, असा तोलून राहिला. तेव्हापासून मोजावयाचा भार आणि सांगावयाची लांबी, असा प्रकार सुरू झाला. शिवाय उष्णतेने पारा फुगतो, म्हणून वाचलेल्या आकड्यात दुरुस्ती करावी लागे. ब्रिटिश हवामान कार्यालयाने १९१४ मध्ये मिलिबार स्वीकारला. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याच्या नावाचे एकक आले आणि १९८६ पासून जगभरच्या हवामान व्यवहारात हेक्टोपास्कल रूढ झाला. बदलले ते केवळ नाव. एक मिलिबार म्हणजेच एक हेक्टोपास्कल. पाऱ्याचा एक इंच मात्र ३३.८६ हेक्टोपास्कलांबरोबर होतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना वादळाच्या पत्रकात मिलिबारांबरोबर इंच अजूनही वाचावयास मिळतात, म्हणून हे गुणोत्तर त्यांनीही जवळ ठेवावे.

१८८५ च्या सप्टेंबरात ओरिसाच्या किनाऱ्यावरील फॉल्स पॉइंट येथील दीपगृहात पारा २७.१३५ इंचांवर उतरल्याची नोंद आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी त्याच किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रातील दाब ९१२ हेक्टोपास्कल अंदाजला गेला. यांत भीषण कोणते, हे इंच आणि हेक्टोपास्कल नुसते शेजारी ठेवून कळणार नाही, २७.१३५ चे ९१९ करावे, मग कळते. नव्या एककाची आणखी एक सोय आहे. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर फुगतो. म्हणजे ९१२ वर केवळ दाबाने पाणी जवळजवळ एक मीटर चढते. वाऱ्याने लोटलेले पाणी त्याहून पुष्कळ अधिक असते, आणि माणसे बुडतात ती मुख्यतः त्यानेच.

काकांनी आता तबकडीच्या कडेला कागदाची पट्टी डकविली आहे. तीवर २९ समोर ९८२, साडेएकोणतीससमोर ९९९ आणि ३० समोर १०१६ लिहिले आहे. जून उजाडला की रोज सकाळी दहाचा आकडा ते वहीत टिपतात. पट्टीची नक्कल आम्ही आज बरोबर आणली आहे. ज्यांच्या घरी असे जुने यंत्र असेल त्यांनी भोजनोत्तर आमच्याकडून उतरवून घ्यावी.