फिट्झरॉय : एका उपनगराचे दोन संघ

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या नकाशावर फिट्झरॉय हे उपनगर शोधावयाचे झाल्यास नजर जरा बारीक करावी लागते. शहराच्या मध्यभागाला ईशान्येकडून चिकटलेली ही चिमुकली वस्ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाण्यास अर्धा तास पुरा होतो. १८५८ साली तिला स्वतंत्र नगरपालिका मिळाली. पुढे अरुंद गल्ल्या, दाटीवाटीची घरे आणि लहानमोठे कारखाने यांनी ती भरून गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॅकरॉबर्टसन यांच्या चॉकलेटच्या कारखान्याच्या पांढऱ्या इमारतींनी येथील गल्ल्याच्या गल्ल्या व्यापल्या होत्या. ज्या वस्तीत हातावर पोट असणाऱ्या माणसांचा भरणा असतो, त्या वस्तीला अभिमान बाळगण्यासारख्या गोष्टी फार थोड्या असतात. फिट्झरॉयपाशी अशी एक गोष्ट होती, आणि ती म्हणजे तिचा फुटबॉलचा संघ.

हा फुटबॉल कोलकात्याच्या किंवा गोव्याच्या मैदानांवर दिसणारा फुटबॉल नव्हे. त्याचे मैदान लंबवर्तुळाकार असते, चेंडूही लांबट असतो. प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू असतात आणि मैदानाच्या दोन्ही टोकांस चार-चार उंच खांब उभे असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू हातात धरता येतो, पण फेकता येत नाही. एका तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो ठोसावा लागतो. खेळाचा जन्म क्रिकेटच्या पोटी झाला. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने वृत्तपत्रास पत्र लिहून हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्त पडू नये म्हणून फुटबॉलचे मंडळ काढावे असे सुचविले, आणि पुढच्याच वर्षी मेलबर्न येथे या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. आदिवासींच्या चेंडूच्या खेळाचा त्यावर काही संस्कार झाला किंवा काय, याविषयी इतिहासकारांत अजून वाद आहे. क्रिकेटशी असलेल्या या नात्यामुळे तेथे उन्हाळ्यात जे मैदान क्रिकेटचे असते तेच हिवाळ्यात फुटबॉलचे होते. आपल्या अनेक शहरांत क्रिकेटच्या मैदानावर दुसऱ्या खेळाला पाऊल टाकू देत नाहीत, त्या पार्श्वभूमीवर हा सलोखा लक्षात घेण्यासारखा आहे.

फिट्झरॉय फुटबॉल क्लबची स्थापना १८८३ साली झाली. ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल हे त्याचे मैदान. १८९७ साली आठ संघांनी जुन्या संघटनेतून बाहेर पडून व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू केली, त्या आठांत फिट्झरॉय होता, आणि १८९८ व १८९९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने अजिंक्यपद मिळविले. पुढे १९०४, १९०५, १९१३, १९१६, १९२२ आणि १९४४ मिळून आठ अजिंक्यपदे त्याच्या नावावर जमा झाली. यांतील १९१६ ची कथा सर्वांत विलक्षण. महायुद्धामुळे त्या वर्षी केवळ चार संघ मैदानात उतरले. साखळी सामन्यांत फिट्झरॉयने बारांपैकी दोनच जिंकले आणि तो शेवटच्या क्रमांकावर राहिला. परंतु संघच चार असल्याने चौघांनाही अंतिम फेऱ्यांत प्रवेश होता. मग या शेवटच्या संघाने तेथील सर्व सामने जिंकून अजिंक्यपद पटकाविले. एकाच वर्षी तळाला असणे आणि शिखरावर असणे ही किमया फिट्झरॉयनेच केली.

अजिंक्यपदांची ही यादी मागे पडली तरी चालेल, पण १९३२ साली या संघात आलेला एक खेळाडू मागे पडू नये. डग निकोल्स हा कमरागंजा या आदिवासी वसाहतीत १९०६ साली जन्मलेला तरुण. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पायांत वाऱ्याचा वेग. त्यापूर्वी १९२७ साली तो दुसऱ्या एका नामवंत संघाच्या दारी गेला होता. त्याच्या रंगाचा तेथे विटाळ झाला. त्याच्या अंगाला वास येतो, असे म्हणून त्याचे अंग चोळून देण्याचे नाकारण्यात आले आणि त्याला परतावे लागले. विटाळ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. नॉर्थकोटच्या संघात पाच हंगाम गाजविल्यावर तो फिट्झरॉयमध्ये आला. येथेही आरंभी तो कपडे बदलण्याच्या खोलीत एका कोपऱ्यात एकटा बसे. तेव्हा संघातील सर्वांत मोठा खेळाडू हेडन बंटन स्वतः उठून त्याच्या शेजारी जाऊन बसू लागला, असे सांगतात. बंटन म्हणजे लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक १९३१, १९३२ आणि १९३५ असे तीनदा मिळविणारा पुरुष. तो ज्याच्या शेजारी बसला, त्याला कोपऱ्यात ठेवण्याची छाती मग कोणाची होणार?

निकोल्स फिट्झरॉयकडून चोपन्न सामने खेळला आणि १९३५ साली व्हिक्टोरिया राज्याच्या संघात निवडला गेला. खेळ संपल्यावर तो धर्मोपदेशक झाला, आणि फिट्झरॉयच्या गोर स्ट्रीटवरील त्याचे छोटेसे चर्च शहरात पोटासाठी आलेल्या आदिवासी कुटुंबांचे हक्काचे ठिकाण बनले. आदिवासींच्या नागरी हक्कांसाठी त्याने पुढे अनेक वर्षे झगडा केला. १९७२ साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १९७६ च्या डिसेंबरात दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपालपद. ऑस्ट्रेलियात त्या पदावर चढलेला तो पहिला आदिवासी. प्रकृतीने साथ न दिल्याने त्याला काही महिन्यांतच ते सोडावे लागले, ही गोष्ट वेगळी.

१९४४ साली अंतिम सामन्यात फिट्झरॉयने रिचमंडचा पंधरा गुणांनी पराभव केला. त्यानंतर मात्र हा संघ पुन्हा कधीही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. केव्हिन मरे याच्यासारखा ३३३ सामने खेळलेला आणि १९६९ चे ब्राउनलो पदक मिळविलेला एकनिष्ठ खेळाडूही त्याला तेथवर नेऊ शकला नाही. १९६६ चा हंगाम संपताच संघाने ब्रन्सविक स्ट्रीटचे जुने, अपुरे पडणारे मैदान सोडले, आणि तेथून त्याची भटकंती सुरू झाली. आज प्रिन्सेस पार्क, उद्या जंक्शन ओव्हल, मग व्हिक्टोरिया पार्क, पुन्हा प्रिन्सेस पार्क आणि शेवटी वेस्टर्न ओव्हल. यांतील प्रत्येक मैदान दुसऱ्या कोणत्या तरी संघाचे किंवा दुसऱ्या कोणत्या तरी उपनगरातले. भाड्याच्या घरात बिऱ्हाड हलवीत राहणाऱ्या कुटुंबाप्रमाणे हा संघ तीस वर्षे फिरला. मधूनच तो जुनी ऐट दाखवी. १९७९ साली त्याने मेलबर्नच्या संघाला १९० गुणांनी हरविले, आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

संघ मैदानापासून दूर जात होता, तशी वस्तीही स्वतःपासून दूर जात होती. कारखाने उठून गेले. मॅकरॉबर्टसनचा व्यवसाय १९६७ साली कॅडबरीने घेतला. झोपडवजा घरे पाडून सरकारने उंच मनोरे उभारले, आणि उरलेल्या जुन्या घरांना चढी किंमत देणारे सुशिक्षित, सुखवस्तू लोक आले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले, चाळीतील कबड्डीपटूंची मुले कोठकोठे विखुरली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना फिट्झरॉयची ही स्थिती निराळी सांगावयास नको. १९८२ पासून लीगही मेलबर्नबाहेर पसरू लागली. साउथ मेलबर्नचा संघ सिडनीस गेला, १९८७ साली पर्थ आणि ब्रिस्बेन येथील संघ आले, १९९० साली लीगचे नावच ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग असे झाले. खेळाचा हिशेब आता मैदानावरच्या गर्दीत कमी आणि दूरचित्रवाणीच्या करारांत अधिक होऊ लागला. ज्या संघाला स्वतःचे मैदान नाही आणि ज्याची वस्ती पांगलेली, त्याचे या हिशेबात काय उरणार? १९८९ साली फूटस्क्रे संघाशी त्याचे विलीनीकरण जाहीर झाले; परंतु फूटस्क्रेच्या चाहत्यांनी दारोदार पैसे गोळा करून ते हाणून पाडले.

१९९६ साली कर्जाचा डोंगर अंगावर आला. धनको होती प्रशांत महासागरातील नाउरू या चिमुकल्या बेटाच्या सरकारची विमा संस्था. संघावर प्रशासक बसला. नॉर्थ मेलबर्नशी एकत्र येण्याचा प्रस्ताव इतर संघांना रुचला नाही, आणि जुलैत फिट्झरॉय ब्रिस्बेनशी जोडला गेला. मेलबर्नमधील शेवटचा सामना २५ ऑगस्ट रोजी झाला. रिचमंडने १५१ गुणांनी पराभव केला. त्यानंतर १ सप्टेंबर रोजी सुमारे २,७०० किलोमीटर दूर पर्थ येथे फ्रीमँटलकडून ८६ गुणांनी हार, आणि लीगच्या आठ संस्थापकांपैकी एकाचा अध्याय तेथे मिटला. आठ खेळाडू ब्रिस्बेनला गेले. नव्या संघाने सिंहाचे चिन्ह घेतले, आणि २००१, २००२ व २००३ अशी सलग तीन वर्षे अजिंक्यपद मिळविले. जुने चाहते दुभंगले. काहींनी त्या विजयांत आपला वाटा मानला. काहींनी त्यानंतर लीगचा सामना पाहिलाच नाही. दोघांपैकी कोणाला चूक म्हणावे?

कायद्याच्या दृष्टीने मात्र क्लब मेला नव्हता. १९९८ साली तो प्रशासकाच्या हातून सुटला. हाती संघ नव्हता, मैदान नव्हते, केवळ नाव, रंग आणि सभासदांची जिद्द. ब्रिस्बेनने बोधचिन्हातील सिंहाचे रूप बदलण्याचे ठरविताच या निर्धन क्लबने न्यायालयाची पायरी चढण्यास कमी केले नाही. पुढे तडजोड झाली. फिट्झरॉय रेड्स नावाचा एक हौशी संघ ब्रन्सविक स्ट्रीटच्याच मैदानावर खेळत असे. त्याच्याशी हातमिळवणी करून २००९ सालापासून फिट्झरॉय व्हिक्टोरियाच्या हौशी संघटनेच्या सामन्यांत उतरला. तेच जुने मैदान आणि एकोणिसाव्या शतकातील तीच लाकडी प्रेक्षकसज्जा. खेळाडूंना वेतन नाही. सामन्यानंतर मैदानावर मुले चेंडू घेऊन धावतात आणि त्यांना कोणी हाकलीत नाही.

याच वस्तीने आणखी एक संघ जन्मास घातला, आणि त्याची कथा कमी सांगितली जाते. १९७० च्या दशकात फिट्झरॉयच्या आदिवासी समाजाने फिट्झरॉय स्टार्स या नावाने स्वतःचा संघ उभा केला. निकोल्सला एकट्याला जे सोसावे लागले ते आपल्या पोरांना एकेकट्याने सोसावे लागू नये, यासाठी सगळ्यांनी एकत्र खेळावे हा मार्ग होता. वाट सोपी नव्हती. १९९० च्या दशकात या संघाला लीगमध्ये स्थान उरले नाही, आणि २००८ साली नॉर्दर्न फुटबॉल लीगने दार उघडीपर्यंत वर्षामागून वर्षे गेली. तोपर्यंत वाढत्या भाड्यांनी आदिवासी कुटुंबांनाही उत्तरेकडे लोटले होते. म्हणून स्टार्सचे मैदान आज फिट्झरॉयमध्ये नाही. ते काही मैल उत्तरेस, रेझर्व्हॉयर या उपनगरातील क्रिस्प पार्कमध्ये आहे. नाव मात्र फिट्झरॉयचेच राहिले.

या संघाचे पूर्ण नाव ‘फुटबॉल नेटबॉल क्लब’ असे आहे, आणि त्यातील दुसरा शब्द शोभेचा नव्हे. नेटबॉल हे बास्केटबॉलचे स्त्रियांसाठी इंग्लंडात घडलेले रूप. बाजूस सात खेळाडू, चेंडू हाती आल्यावर धावण्यास बंदी, आणि तीन सेकंदांत तो सोडला पाहिजे. शिवाय प्रत्येकीच्या छातीवर अक्षर असते आणि त्या अक्षरानुसार तिचे क्षेत्र ठरलेले असते. बाहेर पाऊल पडले की चूक. आट्यापाट्यांत आपापली पाटी सांभाळणारा गडी ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. ऑस्ट्रेलियात १९२७ साली त्याची राष्ट्रीय संघटना झाली, १९६३ साली ईस्टबोर्न येथील पहिली जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाने जिंकली, आणि १९७० साली तेथे ‘महिला बास्केटबॉल’ हे जुने नाव टाकून नेटबॉल हे नाव घेण्यात आले. देशातील स्त्रियांचा हा सर्वांत लोकप्रिय खेळ. तथापि त्याच्या राष्ट्रीय संघात पहिली आदिवासी स्त्री, मार्शा एला, आली ती १९८६ साली, आणि तिसरी येण्यास २०२२ साल उजाडले.

पूर्वी फुटबॉलच्या क्लबात स्त्रियांचे स्थान म्हणजे महिला समिती. चहा करावा, केक भाजावेत, सोडतीची तिकिटे विकावीत, चिखलाने माखलेल्या जर्सी धुवाव्यात. क्लब जगत असे तो या कामावर, आणि अजिंक्यपदाच्या पाटीवर नावे लागत ती दुसऱ्यांची. फुटबॉलच्या मैदानाशेजारी नेटबॉलचे अंगण आखले गेले तेव्हा हे चित्र पालटू लागले. व्हिक्टोरियाच्या खेड्यापाड्यांत तर दोन्ही खेळांचे सामने एकाच दिवशी, एकाच ठिकाणी होतात. वडील आणि मुलगा एका बाजूला खेळतात, आई आणि मुलगी दुसऱ्या बाजूला, आणि घर एकाच मोटारीतून येते व जाते. अनेक लीगांनी आपल्या नावातच नेटबॉल हा शब्द घातला. स्त्रियांचा कामाचा वाटा मान्य झाल्याची ही कागदोपत्री पावती, जरी ती पुष्कळ उशिरा फाडली गेली. अलीकडे स्त्रिया फुटबॉलही खेळू लागल्या आहेत. त्यांची राष्ट्रीय लीग २०१७ साली सुरू झाली आणि ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावरही स्त्रियांचा संघ उतरतो.

स्टार्सच्या बाबतीत या दोन खेळांच्या शेजाराला आणखी एक अर्थ आहे. ज्या समाजाच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सरकारी आज्ञेने आईबापांपासून तोडून नेण्यात आले, त्या समाजाला सबंध कुटुंब एकत्र येईल अशी जागा केवळ करमणुकीसाठी नको असते. कोणाचा कोण लागतो, कोणाची आजी कोणत्या वसाहतीची, हे येथे मैदानाच्या कडेला उभे राहून कळते. हिवाळ्यात सामन्याच्या दिवशी क्रिस्प पार्कवर फुटबॉल चालू असतो तेव्हा गुणफलकाकडे सर्वांचे लक्ष असते हे खरे. परंतु कडेला बसलेल्या म्हाताऱ्या बायकांचे लक्ष, गुण कोणाचेही होवोत, आपली माणसे किती जमली इकडेच अधिक असते.