जुन्या गाड्या आणि त्यांचे पारखी



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला बोलावला म्हणजे तो संपावर बोलणार, फार तर महागाई भत्त्यावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज जुन्या गाड्यांवर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा आपले चिटणीस क्षणभर गप्पच बसले. पण माझी शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण गॅरेजात झाले. हा विषय त्या शाळेतला आहे.

जुन्या गाड्यांचा बाजार आता हातातल्या फोनवर भरतो. एखादी विक्षिप्त जुनी गाडी विकायला निघाली, मालकाने तिची छायाचित्रे दाखवली, की घटकाभरात पारखी गोळा होतात. आमच्या सभेला माणसे इतक्या वेळेवर येत नाहीत! या मंडळींची मी थट्टा करीत नाही. त्यांचे ज्ञान दांडगे असते. जावा मोटारसायकलीचा गिअरचा दांडाच उलटा फिरवला की किक होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण नुसत्या टाकीवरून गाडीचे साल सांगणारे लोक मी पाहिले आहेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी हे जावावाले गावोगाव जमतात. ती गाडी करणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्यातल्या कामगारांचे पुढे काय झाले, असे मी एका मेळाव्यात विचारले. उत्तर कोणाजवळ नव्हते. मात्र एकाने मला चहा दिला. असो.

आमच्या संघटनेतल्या एका वृद्ध चालकाने गेल्या वर्षी आपला तीनचाकी टेम्पो विकायला काढला. आज कोणत्याही लहान मालवाहू गाडीला आपण टेम्पो म्हणतो, पण मुळात हे हॅम्बुर्गच्या विडाल कारखान्याच्या गाड्यांचे नाव. त्यांची हान्सेआट ही तीनचाकी जर्मनीत १९५६ मध्ये निघायची थांबली, आणि १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनीने ती आपल्याकडे करायला घेतली. आधी गोरेगावला आणि पुढे आकुर्डीला. तिला पुढे एकच चाक, इंजिनही पुढेच, आणि सगळी ओढ त्या एका चाकाची. मागच्या हौद्यात माल जास्त झाला आणि चढ लागला, की पुढचे चाक हलके पडून नुसते जागच्या जागी फिरायचे. मग क्लीनरने उतरून पुढच्या नाकाडावर बसायचे, म्हणजे चाक रस्ता धरी. कात्रजच्या जुन्या घाटात त्या नाकाडावर बसणारा क्लीनर मी होतो. बूड भाजायचे, आणि वर धन्याची शिवी.

चालक मला म्हणाला, "अण्णा, तुम्ही बरोबर बसा. ही शिकलेली माणसं काय बोलतात ते मला उमगत नाही."

तीन पारखी आले. पहिल्याने विजेरी लावून इंजिनावरचा नंबर पाहिला, कागदावरचा पाहिला, आणि "हे मूळ इंजिन नव्हे" म्हणून भंगाराचा भाव सांगितला. दुसऱ्याला टेम्पो फार आवडला. त्याला तो आपल्या हॉटेलाच्या दारात ठेवायचा होता. हौदा कापून त्यात बाके आणि वरून पिवळाधमक रंग. तिसरा खरा जाणकार. तो चांगल्या कपड्यांनिशी गाडीखाली निजला. बाहेर आल्यावर त्याने सांगितले की, चारांहून कमी चाकांच्या लहान गाडीला जर्मनीत १९२८ च्या कायद्याने कर माफ होता आणि चालवायला परवाना लागत नव्हता. म्हणून तिकडे तीन चाकांची चाल पडली. चाकांची संख्या कायद्याने ठरते, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते! हौद्याच्या फळ्यांवर गुळाच्या ढेपांनी आणि बर्फाच्या लाद्यांनी पडलेल्या खाचा त्याने हात फिरवून पाहिल्या, रंगाला हात लावू नका म्हणाला, आणि विकत मात्र घेतला नाही.

कारण त्याने मला नंतर दाखवले. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पुरातन गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले आहेत. गाडी ५० वर्षांहून जुनी असावी, खाजगी वापराची असावी, मूळ रूपात असावी, तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. करारपत्रे वाचून वाचून आमची नजर अशा कागदाला सरावलेली असते. मी शब्द न् शब्द वाचला. नियम दुचाकीला आहेत, चारचाकीला आहेत. तीनचाकीचे नाव नाही, आणि पोटासाठी माल वाहणारीला तर जागाच नाही.

आता मूळपणाचा आग्रह अगदीच खुळा आहे असे मी म्हणणार नाही. दोन भंगार गाड्यांची एक करून, वर रंग फासून, भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणारे दलाल आहेत. पहिल्या पारख्याने नंबर पाहिला त्यात त्याची चूक नव्हती. पण संस्थानिकाच्या गाडीखान्यात झाकून ठेवलेली मोटार मूळ राहते, कारण तिने काही केलेलेच नसते. आमच्या टेम्पोने वर्षानुवर्षे मंडई केली. पिस्टन झिजला, चासीला तडा गेला, सुटे भाग मिळेनात. तेव्हा नाना पेठेतल्या फिटरने लेथवर भाग कातले, पत्रा ठोकला, तडा जोडला. हे सगळे पारख्याच्या हिशेबात वजाबाकीत पडते. मी आयुष्यभर मजुरीच्या हिशेबावरून भांडत आलो. येथेही तोच हिशेब निघाला, म्हणून तुमच्यापुढे आणला.

त्या फिटरला आम्ही बोलावून आणले. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. त्याने चासीवर बोटे फिरवली आणि एका सांध्यापाशी थांबला. म्हणाला, "हा माझा टाका. पावसाळ्यात घातला होता, गाडी दारातच मोडली होती." जाणकार गृहस्थ शेजारीच उभे होते. त्यांनी खिशातून वही काढली.

तेव्हापासून ते दर रविवारी येतात. फिटर सांगतो, चालक साल आठवतो, ते लिहून घेतात. कधी कधी सालावरून दोघा म्हाताऱ्यांची जुंपते, मग मला मध्ये पडावे लागते. आजवर ४१ दुरुस्त्या नोंदवून झाल्या आहेत. त्यांत नुसत्या क्लचच्या वायरीच ११. हॉटेलवाल्याचा निरोप दोनदा येऊन गेला, रक्कमही वाढली आहे. चालकाला पैशाची नड आहे, नातीचे लग्न आहे. तो म्हणतो, वही पुरी होऊ द्या, मग किंमत सांगतो.