बैलजोडीचा वाजवी भाव कसा ठरवावा?

(जत येथे पशुपालकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



जत तालुक्याचे नाव निघाले की ऐकणाऱ्याला प्रथम आठवतो तो दुष्काळ. परंतु या कमी पावसाच्या मुलखाने महाराष्ट्राला दोन मोलाच्या देणग्या दिल्या आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. एक माडग्याळची मेंढी आणि दुसरी खिल्लार जनावराची जोपासना. खिल्लार ही केवळ जतची नव्हे; सातारा, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडील विजयपूर या सर्व पट्ट्याची ती दौलत आहे. थोड्या वैरणीवर तग धरणारे, चालीला चपळ आणि कडक जमिनीत न थकणारे हे जनावर येथील हवामानानेच घडविले आहे. मार्गशीर्षात जतला भरणारी श्री यल्लमादेवीची यात्रा, खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, सांगोल्याचा आठवडी बाजार, या ठिकाणी अशी जनावरे हातोहात फिरतात.

या खरेदी-विक्रीतील एकाच प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे. कामातले, म्हणजे आधी कोणीतरी वापरलेले जनावर घेताना वा देताना त्याचा वाजवी भाव कोणता? नव्या यंत्रावर किंमत छापलेली असते. बैलावर ती छापलेली नसते. शिवाय दर वर्षी त्याचे वय वाढते, कस बदलतो, खोडी जडतात. दोन बैल एकसारखे नसतात आणि एकच बैल दोन वर्षे सारखा राहत नाही. म्हणून येथे भाव शोधावा लागतो. तो कसा शोधला जातो, यावर पुष्कळदा एका कुटुंबाचे पुढचे सारे वर्ष अवलंबून असते.

रुमालाखालची बोटे

जनावरांच्या बाजारातील जुनी रीत आपणा सर्वांना ठाऊक आहे. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटे दाबून आकडा सांगतात. मध्ये हेडी किंवा दलाल असतो. या रीतीत एक सोय होती, हे मान्य केले पाहिजे. जतसारख्या ठिकाणी एक गिऱ्हाईक मराठी बोलते, दुसरे कानडी. बोटांची भाषा दोघांनाही समजते. चारचौघांत भाव पडल्याची नामुष्कीही टळते.

परंतु या सोयीची किंमत कोण देतो, हे पाहावयास हवे. शेजारच्या जोडीला काय भाव मिळाला, हे रुमालाबाहेर येत नाही. रोज बाजारात वावरणाऱ्या हेड्याला दहा व्यवहारांचे आकडे ठाऊक असतात. पाच-सात वर्षांतून एकदा बाजारात येणाऱ्या शेतकऱ्याला एकही ठाऊक नसतो. शेतमालाच्या बाजारात हाच अनुभव आला, म्हणून शाही कृषी आयोगाने १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस केली. पुढे १९३९ चा मुंबई कृषी उत्पन्न बाजार अधिनियम व नंतर १९६३ चा महाराष्ट्राचा अधिनियम आला. उघड लिलाव, उघड वजन आणि लेखी पावती हा या सर्व प्रयत्नांचा गाभा. जनावर हे पोत्यातले धान्य नव्हे, त्याचे नमुने काढता येत नाहीत, हे खरे. परंतु माहिती उघड असावी हे तत्त्व येथेही तितकेच लागू पडते.

चार गोष्टींची पारख

पहिली गोष्ट वयाची. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात असेपर्यंत तो आदत. साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास मधली पक्क्या दातांची जोडी येते, तेव्हा तो दुसा होतो. त्यानंतर चौसा, मग सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांच्या आसपास आठही पक्के दात आले की तो जुळला असे आपण म्हणतो. जुळल्यानंतर दातांच्या झिजेवरून अंदाज करावा लागतो आणि तेथेच फसगतीला वाव असतो. शिंगांवर विसंबू नये. खिल्लाराची शिंगे साळलेली असतात आणि साळलेले शिंग वय सांगत नाही.

दुसरी गोष्ट कामाची. उभे जनावर पाहून भाव सांगू नये. त्याला चालवावे, वळवावे, गाडीला जुंपून चढावर न्यावे, शक्य तर नांगराला वा कुळवाला लावून पाहावे. खांद्यावर सूज किंवा जुना घट्टा आहे काय, खूर फाटलेले आहेत काय, चालताना एखादा पाय आखडतो काय, हे उजेडात पाहावे. तो डाव्या अंगाला चालतो की उजव्या, हेही विचारावे. दोन चांगले बैल म्हणजे चांगली जोडी नव्हे. चाल, उंची आणि स्वभाव जुळलेल्या जोडीचा भाव दोन सुट्या बैलांच्या बेरजेहून अधिक असतो, आणि तो असणे न्याय्यच आहे. कारण जोडी जुळविण्यात कोणाचे तरी श्रम गेलेले असतात.

तिसरी गोष्ट आरोग्याची. लाळ-खुरकुताची आणि लंपी त्वचारोगाची लस दिली आहे काय? २०२२ मध्ये लंपीच्या साथीत राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, याचा विसर पडू नये. कानातील बारा अंकी बिल्ला आता केवळ सरकारी उपचार राहिलेला नाही. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीस राज्यात मनाई आहे. या क्रमांकावर जनावराची नोंद असते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तो क्रमांक दाखवून नोंदलेले लसीकरण व उपचार विचारता येतात. घेणाऱ्याने हे विचारावे आणि देणाऱ्याने आपणहून दाखवावे. ज्याच्या जनावराची नोंद स्वच्छ आहे, त्याला भाव सोडण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट खोडीची. बैल बसका आहे, मारका आहे, अनोळखी माणसाला खांदा देत नाही, या गोष्टी अर्ध्या तासात दिसत नाहीत. त्या फक्त देणाऱ्याला माहीत असतात. येथे कायद्याची एक तरतूद प्रत्येक पशुपालकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या आहे आणि ती समजावण्यासाठी घोड्याच्या विक्रीची उदाहरणे दिली आहेत. घोडा निकोप नाही हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, पण लिलावात तो काहीच बोलला नाही, तर नुसते गप्प राहणे हे कपट ठरत नाही. परंतु घेणाऱ्याने, ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निकोप आहे असे मी धरीन,’ असे सांगितले आणि तरीही विकणारा गप्प राहिला, तर ते मौन म्हणजे बोलणेच होय.

याचा अर्थ साधा आहे. प्रश्न विचारावा, स्पष्ट विचारावा आणि दोन साक्षीदारांसमोर विचारावा. ‘बैल बसतो का? मारतो का? कधी लंगडला होता का?’ मग मिळालेले उत्तर पावतीच्या मागे दोन ओळींत लिहून घ्यावे. न विचारलेल्या प्रश्नाचा तोटा बहुधा घेणाऱ्यालाच सोसावा लागतो.

कागदावरचा हिशेब

ही पारख झाल्यावर भाव कसा काढावा? हिशेबाची रीत समजावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील आकडे बाजारभाव म्हणून धरू नयेत. समजा, जोडी सहा वर्षांची आहे आणि आणखी सहा वर्षे चांगले काम करील. तिच्याकडून वर्षभरात जे काम होते, ते भाड्याने करून घेतले असते तर साठ हजार रुपये लागले असते. वैरण, पेंड, पत्र्या मारणे व औषधपाणी यांचा खर्च चाळीस हजार. वर्षाला उरले वीस हजार. सहा वर्षांचे एक लाख वीस हजार. परंतु आजारपणाचा धोका आहे, वयाबरोबर काम घटणार आहे आणि पैसा गुंतून पडणार आहे. म्हणून पाव हिस्सा वजा केला तर नव्वद हजार राहतात. घेणाऱ्याने याच्या वर जाऊ नये.

आता देणाऱ्याची बाजू पाहू. जोडी ठेवली तर तिचे मोल त्यालाही नव्वद हजारच आहे. पण पाऊस झालेला नाही, आणि पुढचे चार महिने नेहमीच्या खर्चाखेरीज महिना पाच हजारांची वैरण विकत आणावी लागणार आहे. हे वीस हजार वजा जाता सत्तर हजार उरतात. याच्या खाली त्याने विकू नये. सत्तर आणि नव्वद यांच्यामध्ये कोठेही सौदा झाला, तर दोघांचेही नुकसान नाही. तो वाजवी भाव. पन्नास हजारांत सौदा झाला, तर ती बैलांची किंमत नव्हे. ती देणाऱ्याच्या अडचणीची किंमत होय.

या हिशेबात न बसणारे भावही आपण ऐकतो. शर्यतीच्या बैलांचे तसेच आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. धावणाऱ्या बैलाचे मोल त्यामुळे निकालागणिक बदलत गेले. ते हौसेचे आणि नावलौकिकाचे मोल आहे. शेतीच्या जोडीला तो गज लावू नये. २०२० च्या डिसेंबरात आपल्याच सांगली जिल्ह्यात एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आल्याचे वृत्त गाजले. मालकाला तो विकावयाचाच नव्हता, म्हणून त्याने दीड कोटी सांगितले. सौदा होऊन पैसे हातात पडेपर्यंत सांगितलेला आकडा हा भाव नसतो, एवढे त्यावरून शिकावे.

जनावर थकल्यानंतरची किंमतही बदलली आहे. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमातील सुधारणा मार्च २०१५ मध्ये अमलात आली आणि गायींबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीस राज्यात बंदी झाली. तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला शेवटी काही रक्कम येईल, असे गृहीत धरून हिशेब मांडता येत नाही. उलट त्याच्या अखेरच्या वर्षांच्या वैरणीचा खर्च हिशेबात घ्यावा लागतो. दहा-अकरा वर्षांची जोडी घेणाऱ्याने हे विसरू नये.

थांबण्याची शक्ती

बंधुभगिनींनो, या सर्व विवेचनातून एकच गोष्ट वर येते. पारख कितीही अचूक असली, तरी ज्याला आजच विकणे भाग आहे, त्याला वाजवी भाव मिळत नाही. १९७२ च्या दुष्काळात हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. वैरण संपली की विकणारे वाढतात, घेणारे घटतात. आणि पाऊस पडला की तोच शेतकरी पेरणीसाठी चढ्या भावाने जोडी शोधू लागतो. दोन्ही वेळा नुकसान त्याचेच. २०१२-१३ मध्ये जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांत चारा छावण्या उघडल्या गेल्या. त्यांनी जनावरे जगविली हे तर खरेच; परंतु मघाच्या उदाहरणातील सत्तर हजारांची मर्यादाही त्या वर उचलतात. वैरणीचा भार उतरला की देणारा थांबू शकतो, आणि जो थांबू शकतो तोच ‘नाही’ म्हणू शकतो.

ही शक्ती दरवेळी छावणीवर सोपवून चालणार नाही. म्हैसाळ योजनेचे पाणी जेथे पोहोचले आहे, तेथे दोन-चार गुंठे वैरणीसाठी राखून ठेवता येतील. जेथे ते पोहोचलेले नाही, तेथे सुगीतला कडबा विकण्यापूर्वी उन्हाळ्याचा हिशेब करता येईल. विक्री अटळच असेल, तर वैरण संपण्याच्या आधी, जनावर अंगाने भरलेले असताना बाजारात न्यावे. हाडे दिसू लागल्यावर बोलणी करू नयेत.

उघड मूल्यमापनाचा एक नमुना आपल्यासमोर आहेच. पशुधन विम्यात जनावराची किंमत पशुपालक, पशुवैद्यक आणि विमा प्रतिनिधी हे तिघे मिळून ठरवितात. तेथे रुमाल नसतो. बाजारातही असे का होऊ नये? यात्रेत झालेल्या सौद्यांचे आकडे, नावे न देता, केवळ वय आणि जोडीचा प्रकार लिहून, संध्याकाळी एका फळ्यावर लावले, तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या शेतकऱ्याला आधार मिळेल. एक फळा आणि खडू, एवढाच त्याला खर्च. बाजार समित्यांनी आणि यात्रा भरविणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

येत्या मार्गशीर्षात आपल्यापैकी अनेक जण दावणीला उभे असतील. कोणी देणारे, कोणी घेणारे. निघण्यापूर्वी घरी बसून, घरच्या लक्ष्मीलाही विचारात घेऊन, कागदावर आपली मर्यादा लिहून ठेवा. वैरण घालणारे आणि शेण काढणारे हात बहुधा तिचेच असतात. जनावराचे गुणदोष तिला अधिक माहीत असतात. तो कागद खिशात ठेवा. मग कोणी रुमाल पुढे केला, तरी आपला आकडा आपल्याला आधीच ठाऊक असेल.