जुने कपाट घेताना



काल याच व्यासपीठावरून आपण विश्वाच्या उत्पत्तीविषयी ऐकलेत आणि उद्या राज्यघटनेविषयी ऐकणार आहात. या दोहोंच्या मध्ये आम्हांला कपाटावर बोलायला उभे केले आहे. लागोपाठ तीन दिवस जड विषय नकोत, असा चालकांचा हेतू असावा. पण चांगले सागवानी कपाट दोघा माणसांना हलत नाही. तेव्हा विषय हलका आहे असे कोणी समजू नये.

कपाट हा शब्द संस्कृतातला. त्याचा मूळ अर्थ दाराची फळी, कवाड. अलमारी हा शब्द मात्र पोर्तुगीजांबरोबर आला, आणि त्याच्या मुळाशी शस्त्रे-हत्यारे ठेवण्याच्या जागेचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे नाव आपले असले तरी वस्तू बाहेरची. आपल्या जुन्या घरांत भिंतीत फडताळ असे, कोनाडे असत, खुंट्या असत. रोजचे लुगडे दांडीवर आणि लग्नातला शालू पेटाऱ्यात. उपरण्याला उभे कपाट लागत नाही. ते लागले कोटाला. कचेरीत जाणाऱ्या माणसाच्या अंगावर कोट आला आणि त्याच्या मागोमाग घरात कपाट आले.

त्याचे लाकूड पुष्कळदा ब्रह्मदेशचे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीचा तेथील दरबाराशी सागवानाच्या तोडीवरून तंटा झाला, ते निमित्त करून इंग्रजांनी 1885 मध्ये युद्ध केले आणि थिबा राजाला पदच्युत करून पुढे रत्नागिरीस आणून ठेवले. 1916 मध्ये तो तेथेच वारला. राजा कोकणात आणि त्याच्या रानातले लाकूड आमच्या माजघरांत! आजही दुकानदार ‘अस्सल बर्मा टीक’ म्हणून कपाटावर थाप मारतो तेव्हा आम्हांला त्या राजाची आठवण होते. दुकानदाराला होत नसावी, कारण समोरची वस्तू पुष्कळदा तिकडची नसतेच.

आम्हांला कपाटाचे वेड लागले त्याला कारण आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. आमचे बिऱ्हाड तेव्हा नदीकाठच्या पेठेत, एका वाड्याच्या तळमजल्यावर होते. आमचे वय नऊ. माणसे वेळेवर उंचावर गेली. पाणी ओसरल्यावर परत आलो तो खोलीत गुडघाभर चिखल आणि भिंतीशी आईचे सागवानी कपाट, जसेच्या तसे उभे. दारे मात्र फुगून अशी बसली होती की किल्ली फिरत होती पण दार हलत नव्हते. शेवटी सुतारकाकांनी मागच्या फळ्या सरकवून काढल्या आणि आतले चिखलाने माखलेले कपडे मागच्या बाजूने बाहेर आले. शेजारच्या बिऱ्हाडात त्या काळच्या फॅशनचे, गोल कोपऱ्यांचे, चकचकीत कपाट होते. त्याचा आम्हांला फार हेवा वाटे. त्याच्या अंगावरचा लाकडाचा पातळ पापुद्रा भिजलेल्या वहीच्या पुठ्ठ्यासारखा सुटून लोंबत होता आणि एक बाजू खाली बसली होती. आम्ही काकांना कारण विचारले. ते म्हणाले, “बाळ, ते सरसावर उभं होतं, हे कुसवावर उभं आहे. सरस पाण्यात विरघळतो.” कपाटाविषयीचे आमचे सारे शिक्षण या दोन वाक्यांत झाले. पुढे वाचले ते त्यावरचे भाष्य.

1974 साली तो वाडा पाडायचा ठरला. नवी जागा दुसऱ्या मजल्यावर, जिन्याचे वळण अरुंद. कपाट वर जाणार नाही असे सर्वांनी मिळून ठरवले, जुन्या सामानवाल्याला बोलावले आणि पोलादी कपाट आणले. आई काही बोलली नाही. तिने आतले सामान काढले, फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि किल्ली तेवढी स्वतःजवळ ठेवली. ती कशाला, असे कोणी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी आम्हांला कळले, की त्या जातीची कपाटे खोलता येतात. डोक्यावरची नक्षीची पट्टी उचलून निघते, दारे बिजागरीतून सुटतात, पाचरी ठोकून काढल्या की बाजू मोकळ्या होतात आणि सगळे कपाट फळ्या-फळ्यांनी जिना चढते. मागच्या फळ्या निघतात हे तर आम्ही डोळ्यांनी पाहिले होते! तरी बाकीचेही निघत असेल हे कोणाच्या डोक्यात आले नाही. म्हणून आमचे पहिले सांगणे असे: कपाट पाहायला जाण्यापूर्वी आपल्या जिन्याचे वळण, दाराची रुंदी आणि छताची उंची मोजा, आणि दुकानात शिरल्यावर किमतीच्या आधी ‘हे खोलते का?’ एवढे विचारा.

दुसरे सांगणे आमच्या फजितीतून आलेले आहे. आई गेल्यावर आम्ही तसल्या कपाटाच्या शोधाला लागलो. पुण्याचा जुना बाजार पाहिला, मुंबईचा चोर बाजार पाहिला. शेवटी एका दुकानात (गाव सांगत नाही) एक देखणे कपाट मिळाले. दारांवर कोरलेली वेल, मध्ये काठ घासलेला जाड आरसा. आम्ही समोरून पाहिले, भाव केला आणि घरी आणले. पहिल्या पावसाळ्यात मागची बाजू पोटफुगीसारखी फुगली. पाहतो तो मागे प्लायवूड, बाजूला प्लायवूड. दारे तेवढी जुनी. कोणत्या तरी घराच्या कपाटाचे तोंड कापून नव्या धडावर बसवले होते. दुकानदार खोटे बोलला असेही म्हणता येत नाही. आम्ही दारे पाहत होतो आणि तो दारांविषयीच बोलत होता.

तेव्हा कपाट आधी मागून पाहावे. ते भिंतीला टेकवलेले असेल तर पुढे ओढायला सांगावे. विक्रेता कुरकुरला तर समजून घ्यावे. मागच्या फळ्यांवर पॉलिश नसते, म्हणून तेथे लाकूड खरे बोलते. करवतीच्या खुणा सरळ रेषेत आहेत की कमानीसारख्या वळलेल्या, ते पाहावे. वळलेल्या खुणा यंत्राच्या गोल करवतीच्या. सरळ खुणा हातकरवतीच्या असू शकतात, पण तेवढ्यावरून फार जुने म्हणू नये, कारण आपल्याकडे विसाव्या शतकातही दोन माणसे वरखाली करवत ओढून ओंडके कापत होती. मग खण पुरता बाहेर काढून त्याचे कोपरे पाहावेत. कबुतराच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत गुंतवलेले असतील आणि ते थोडे लहानमोठे असतील, तर ते हाताने कापलेले. स्क्रूच्या डोक्यावर फुली दिसली, तर तो स्क्रू 1930 नंतरच्या काळातला. पण एका नव्या स्क्रूने कपाट खोटे ठरत नाही. शंभर वर्षांत बिजागरी एकदा तरी बदलावीच लागते.

दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, चिकटवलेली नसते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसते आणि फुगते, म्हणून तिला हलायला जागा ठेवतात. उन्हाळ्यात बारकाईने पाहिले तर या फळीच्या कडेला बिनपॉलिशची फिकट रेघ उघडी पडलेली दिसते. ही रेघ आम्हांला नक्षीपेक्षा अधिक आवडते, कारण ती प्लायवूडच्या दारात सहसा दिसत नाही.

वाळवीची भीती पुष्कळांना वाटते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरच्या फिकट लाकडाला लागते, आणि लबाड सुतार ते फिकट लाकूड रंग देऊन खपवतो. बारीक छिद्रे असली म्हणून लगेच पाठ फिरवू नका. छिद्रे जुनी आहेत की किडा अजून आत आहे, एवढेच कळायला हवे. खाली काळा कागद अंथरून कपाट चार दिवस तसेच ठेवावे. कागदावर पिठासारखी भुकटी पडली तर मात्र ते घरात आणू नये.

आरशाचा पारा उडाला आहे अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. खरे म्हणजे लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1835 मध्ये काचेवर चांदीचा थर देण्याची रीत शोधली, आणि आपल्याकडच्या बहुतेक कपाटांच्या आरशांत पारा नसून चांदी असते. ती काळवंडते. काळवंडू द्यावी. नवा आरसा बसवला की त्यात आपला चेहरा स्वच्छ दिसतो, एवढाच काय तो फायदा, आणि आमच्या वयाला तोही नाही.

आता त्यात ठेवायचे काय? जुन्या कपाटांची खोली पुष्कळदा दीड फुटाच्या आसपास असते. हँगरवर आडवा टांगलेला कोट जवळजवळ दोन फूट मागतो, म्हणजे दार लागत नाही. कोटांसाठी घ्यायचे असेल तर टेप घेऊन जा. घड्या घालून ठेवायच्या साड्यांना मात्र ही कपाटे उत्तम. जरीची वस्त्रे मऊ सुती कापडात गुंडाळावीत, डांबरगोळी त्यांना टेकू देऊ नये आणि मधून मधून घडी मोडून दुसरीकडे पाडावी. पॉलिशचा मोह आवरावा. लाखेचे जुने पॉलिश हाताने थोडे थोडे सुधारता येते; ते खरवडून आजचे काचेसारखे पॉलिश चढवले, की कपाट हॉटेलातले दिसू लागते.

किमतीविषयी एवढेच, की ‘अँटिक’ या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नयेत. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यात साधारण शंभर वर्षांची मर्यादा आहे. चाळीस-पन्नासच्या दशकातले कपाट फार तर जुने म्हणावे. जुने असणे हा काही दोष नव्हे, पण तो शब्द कमी किमतीचा आहे.

आज आमच्याकडे जे कपाट आहे ते तिसऱ्या खेपेला मिळाले. साधे, नक्षी नाही. मागच्या फळ्यांवर जमिनीपासून साडेतीन फुटांवर पाण्याची तपकिरी रेघ आहे. विक्रेता म्हणाला, “साहेब, घासून देतो, दिसणार नाही.” आम्ही तशीच ठेवायला सांगितली, तेव्हा त्याने शंभर रुपये कमी केले. ते आमचेच की काय म्हणून घरी आल्यावर आईची किल्ली लावून पाहिली. ती लागली नाही. आता ती आतल्या एका खिळ्याला अडकवलेली असते.

आषाढात त्याचे डावे दार घट्ट होते. दर वर्षी घरातून सूचना येते, की सुतार बोलावून जरा रंधा मारून घ्या. तो मारू नये. मारला तर उन्हाळ्यात दारात बोटभर फट पडते. आम्ही नुसते थांबतो. दिवाळीच्या सुमारास दार आपोआप लागू लागते.